चांगल्या गुडघ्याची पट्टी

अजूनही पहाटे कधी कधी मी धावतो. अंथरुणातच. मैदान तेच असतं, वेणा नदीकडे हळूहळू उतरत गेलेलं, आणि शेजारच्या जिनिंग कारखान्यातून उडत आलेले रुईचे बारीक पुंजके गवतावर बसलेले असतात. ऊन नुकतंच आलेलं असतं. चेंडू माझ्याकडे येतो, मी डाव्या पायावर सगळा भार टाकतो आणि उजव्यानं मारतो. पायाखाली जमीन आहे की नाही हेसुद्धा जाणवत नाही. चेंडू गोलात गेला का, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याआधीच जाग येते आणि डावा गुडघा म्हणतो, पडून राहा मुकाट्यानं.

उजवा गुडघा काहीच म्हणत नाही. त्याला जन्मात कधी काही झालं नाही. आणि तरी बारा-तेरा वर्षं मी पट्टी बांधत होतो ती त्यालाच.

हिंगणघाटच्या मिलमध्ये मी लागलो तो सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं तेव्हा. लागलो म्हणजे कागदावर कापडाच्या घडी खात्यात लागलो. खरं काम फुटबॉल. सकाळचा भोंगा झाला की खात्यात जाऊन तोंड दाखवायचं, दुपारनंतर ग्राउंडवर. आमच्या गावात हे कोणाला पटेना. आम्ही कास्तकार माणसं. पहिल्या पगाराला मी घरी गेलो तेव्हा बाबा गोठ्यात होते. मी काम काय करतो ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लाथ मारनारं जनावर आपन बजारात इकतो. अन् तुले लाथा माराचाच पगार भेटते?"

मी हसलो. ते हसले नाहीत. पण पुढे आठवडी बाजारात भेटेल त्याला हीच गोष्ट सांगत, आणि तेव्हा मात्र हसत, असं मला आईकडून कळलं.

तर पगारी लाथा मारणारे आम्ही अकरा-बाराजण. त्यातले थोडे परमनंट, बाकीचे बदली. बदली म्हणजे कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम. खेळ चांगला असला तर साहेब लोक परमनंट करत. पण आधी मिलचे डॉक्टर तपासणार आणि कागदावर धडधाकट असं लिहिणार. तो कागद झाला की मिलच्या चाळीत खोली, लग्न, सगळंच मार्गी. आम्हा बदलीवाल्यांच्या डोक्यात रात्रंदिवस तो कागद असायचा.

आमच्या टीमला एक वस्ताद होते. तरुणपणी कुस्ती खेळलेले, कान चेपलेले, बोलणं कमी. त्यांच्याजवळ जवसाच्या तेलाची बाटली, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि सरकीनं भरलेली एक पोटली एवढाच सरंजाम. सरकी तव्यावर गरम करून पोटलीनं शेकायचे. आमच्याकडे सरकीला काय तोटा! तिचा तो तेलकट, भाजका वास आला की आजही माझं अंग सैल पडतं. दुखतं कुठे असं ते कधी विचारत नसत. गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा ठेवत, डोळे मिटत आणि तिथेच दाबत. माणूस ओरडला की म्हणत, "हाव, इथंच."

वस्तादांचा एक नियम होता. पट्टी नेहमी चांगल्या गुडघ्याला बांधायची. दुखऱ्या गुडघ्याला पट्टी बांधून उतरलास तर समोरच्या बॅकला आमंत्रणपत्रिकाच दिलीस. तो पहिल्या दहा मिनिटांत तिथेच बूट घालणार. म्हणून दुखरा उघडा ठेवायचा आणि चांगल्याला बांधायची. मारू दे बापड्याला. ही चाल आमच्या टीममध्ये सगळ्यांना ठाऊक होती आणि इतकी अंगवळणी पडली होती की त्यात काही लबाडी आहे असं कोणाच्या मनातही येत नसे.

वर्ध्याच्या एका सामन्यात माझा डावा गुडघा गेला. कोणी मारलं नाही. काळ्या मातीच्या भेगेत बूट अडकला, मी वळलो आणि पाय तिथेच राहिला. आतून ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. वस्ताद धावत आले, अंगठा लावला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उजव्या गुडघ्याला पट्टी बांधली. मी उरलेला वेळ खेळलो. एक गोलही मारला. त्या गोलचं मला काही आठवत नाही, फक्त हवेत खूप रुई होती असं उगीच वाटत राहतं. वर्ध्याच्या त्या ग्राउंडजवळ जिनिंग नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तपासणीला आले. तीन बदलीवाल्यांची पाळी होती, त्यात मी. आम्ही कपड्यांच्या खोलीत बाकावर बसलेलो. डॉक्टर तरुण होते, नुकतेच मिलमध्ये आलेले. माझ्या पट्टीकडे पाहून म्हणाले, "काल लागलं वाटतं? सोडा बघू."

वस्तादांनी पट्टी सोडली. उजव्या गुडघ्याची. डॉक्टरांनी तो वाकवला, सरळ केला, दाबला, हातोडीनं ठोकला. "काही नाही. एकदम उत्तम आहे," म्हणाले आणि लिहूनही टाकलं.

मी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद पट्टीची गुंडाळी करत होते. आम्ही काही ठरवलं नव्हतं, शपथ सांगतो. पट्टी कालपासून तिथे होती, म्हणून तिथे होती. खोटं कोणीच बोललं नाही. खरंही कोणी बोललं नाही. डॉक्टर गेल्यावर वस्तादांनी तीच पट्टी पुन्हा माझ्या उजव्या गुडघ्याला बांधली आणि म्हणाले, "आता हे रोज बांधजो."

मी परमनंट झालो. खोली मिळाली, लग्न झालं. आणि कागदावर माझे दोन्ही गुडघे ठणठणीत असल्यामुळे मला आराम मागायची सोय उरली नाही. आणखी तीन हंगाम खेळलो. ग्राउंडवर लंगडायला लागलो तर लोक उजव्या पायाकडे पाहून हळहळायचे. माणूस कोणत्या पायानं लंगडतो हे बघणाऱ्याला चटकन कळत नाही. पट्टी दिसली की तोच पाय. पायरी चढताना, एसटीत चढताना कोणीतरी भला माणूस धावून येई आणि उजव्या बाजूनं आधार देई. मग मला निमूटपणे त्याच्यावर भार टाकल्यासारखं करावं लागे, आणि डावा पाय आपला एकटाच कण्हत वर यायचा.

खरा गुडघा घरात फक्त बायकोला ठाऊक होता. संध्याकाळी चुलीपाशी ती सरकी गरम करी, दार लावून घेई आणि डावा गुडघा शेकत बसे. एकदा म्हणाली, "तुमचा एक पाय सरकारी हाय अन् एक घरचा." मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेना, तेव्हा तिनं पोटली बाजूला ठेवली आणि माझा पाय नुसता धरून ठेवला. त्या खोलीत उबदार धूर असायचा आणि मला बसल्या बसल्या डुलकी लागायची. डुलकीत मी हमखास धावायचो. तिला ते कळायचं, कारण माझी बोटं हलायची.

डावा गुडघा पुरता वाकेनासा झाला तेव्हा खेळ संपला. मांडी घालून जेवणं संपलं. लग्नाच्या पंगतीत मी पाट टाळून भिंतीशी उभा राहायचो आणि वाढप्याचं काम अंगावर घ्यायचो. लोक म्हणत, किती कामाचा माणूस! त्याच सुमारास वस्ताद थकले आणि गावी जायला निघाले. जाताना पोटली, बाटली, पट्ट्या, सगळं माझ्या हातात दिलं. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"म्या तुयं भलं केलं का वाटोळं केलं," ते म्हणाले, "मले अजून समजलं नाई."

मलाही समजलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, ते अर्ध्यातच जमलं नाही. त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं.

मग मला लोक वस्ताद म्हणू लागले. ट्रेनर हा शब्द फक्त मिलच्या पत्रावर. हे काम मला आवडलं, खोटं कशाला बोलू? चेंडूत ब्लॅडर घालणं, चामड्याला तेल पाजणं, वाद्या आवळणं. थंडीतल्या सकाळी पोरं धुक्यात पळत असायची आणि मला फक्त पावलांचा आवाज यायचा. त्या आवाजात कोणाचा पाय दुखतोय ते मला ऐकू येई. मी अंगठा लावायचो, डोळे मिटायचो. डोळे मिटल्यावर मला दुसऱ्याचा गुडघा दिसायचा तो आतून, आणि तो नेहमी माझाच असायचा. अर्धी चड्डी घालून मी ग्राउंडवर उभा राही, उजव्या गुडघ्याला पट्टी लावून. इतक्या वर्षांनी माझा गुडघा कोणी पाहणार नव्हतं. तरी भीती होती, कागद खोटा निघाला तर? आज या भीतीचं हसू येतं. तेव्हा येत नसे.

ऐंशीचं दशक मध्यावर आलं असेल, तेव्हा कारंज्याकडचा एक खेळाडू आमच्याकडे बदली म्हणून आला. बाविशीचा गडी. घरी थोडी शेती, भाऊ ट्रकवर. लेफ्ट आउट खेळायचा, डाव्या कडेनं. मी झोपेत धावतो तसा तो जागेपणी धावायचा. चेंडू त्याच्या पायाला चिकटलेला आणि तो कुठेतरी दुसरीकडेच पाहत असलेला. मी त्याच्यावर उगीच ओरडायचो, सगळ्यांपेक्षा जास्त. त्याला वाटायचं वस्ताद आपल्यावर खार खाऊन आहेत. खरं तर माझा जीव त्याच्या पायांत अडकला होता.

मोसमाच्या शेवटी त्याची परमनंटची पाळी होती. गावी मुलगी पाहून ठेवली होती, कागदाची वाट होती. आणि सेमी फायनलमध्ये तो पडला. उजवा गुडघा. मी लंगडत मैदानात गेलो, अंगठा लावला. तो ओरडला नाही, फक्त ओठ चावला. आत काय झालं होतं ते मला डॉक्टरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि माझे हात आपोआप चालले. भानावर आलो तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्याला पट्टी बांधून झाली होती.

दोन दिवसांनी तपासणी होती. आदल्या संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. पट्टी तशीच. दारातच म्हणाला, "वस्ताद, पट्टी असू द्या. डॉक्टर पट्टीवालाच पाहीन. तुमी खोटं बोलू नका. फक्त गप राहा."

माझी गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. त्याला ती आपोआप सुचली होती. टीममध्ये आमचं शिक्षणच तसं होतं.

"तीन महिने पाय जमिनीले लावला नाई तं बरा होईन," मी म्हणालो.

"तीन महिने न खेळनाऱ्या बदलीवाल्याले कोन ठेवते जी?"

तो गेला. बायको आतून सगळं ऐकत होती. तिनं जेवायला वाढलं. मला पहाटे नेहमीचं स्वप्न पडलं, पण त्यात मी नव्हतो. तो धावत होता आणि मी त्याच्या मागे पट्टी घेऊन धावत होतो, आणि मला कळत नव्हतं की बांधायची आहे की सोडायची.

सकाळी तेच डॉक्टर आले, आता केस पिकलेले. तीच खोली, तोच बाक. म्हणाले, "सोडा बघू पट्टी."

मी वाकून पट्टी सोडली. डॉक्टरांनी त्याचा डावा गुडघा वाकवला, सरळ केला. तो छताकडे पाहत होता. खिडकीतून रुईचा एक पुंजका आत आला आणि सावकाश खाली उतरत राहिला. तो जमिनीला लागायच्या आत बोललो तर बोललो, असं मला वाटलं.

"साहेब," मी म्हणालो, "दुसरा पाहा."

डॉक्टरांनी उजव्याला हात लावताच तो ओरडला. त्या ओरडण्यात दुखणं कमी आणि राग जास्त होता. डॉक्टरांनी तपासलं, लिहिलं, तीन महिने खेळ बंद. मग त्यांची नजर माझ्या उजव्या गुडघ्यावरच्या पट्टीवर गेली. तिथून ती डाव्या उघड्या गुडघ्यावर गेली. डॉक्टर बॅग बंद करू लागले आणि ती बॅग बंद व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला. शेवटी ते खोलीबाहेर पडले.

तो कपडे घालत होता. "तुमचं परमनंट हाय, वस्ताद," तो म्हणाला. "तुमाले काय समजते?"

मी माझा डावा पाय त्याच्यासमोर ठेवू शकलो असतो. लाव अंगठा, म्हणालो असतो तर पुरलं असतं. पण डॉक्टर अजून बाहेर व्हरांड्यात होते, आणि कागद, आणि खोली. एवढ्या मोठ्या खरेपणानंतरही माझ्यात तेवढा खरेपणा उरला नव्हता. मी पट्टीची गुंडाळी करत राहिलो. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्याचे बूट खिळ्याला लटकत राहिले, मी ते दर आठवड्याला तेल लावून परत तिथेच लटकवायचो. आपण त्याचं भलं केलं असं मी स्वतःला समजावत असे. मध्येच वस्तादांचं बोलणं आठवे आणि समजावणं बंद पडे.

त्यानंतर तीनेक वर्षं गेली असतील. बायकोच्या भाचीचं लग्न कारंज्याच्या पुढे एका गावात होतं. वर्ध्याहून एसटीनं कारंज्याला उतरलो. दुसऱ्या गाडीला वेळ होता, म्हणून हायवेवरच्या एका ढाब्यापाशी थांबलो. हिवाळ्याची दुपार. ट्रकची रांग उभी, ऊन मऊ, तव्यावरच्या पोळ्यांचा वास. मला पेंग येत होती. समोर एक ट्रक जॅकवर चढवलेला आणि चाकापाशी एक माणूस उकिडवा बसून नट आवळत होता. किती वेळ बसला होता! मी त्या बसण्याकडे पाहत राहिलो. असं बसता येणं म्हणजे काय सुख असतं ते लोकांना कळत नाही. मग तो हात न टेकता सरळ उभा राहिला आणि वळला.

मी तोंड फिरवलं. पण त्यानं ओळखलं होतं. फडक्याला हात पुसत आला. "वस्ताद," एवढंच म्हणाला. बायकोला नमस्कार केला. एक बाज ओढून सावलीत घातली, चहा सांगितला. ट्रक भावाचा होता, चाकं हा सांभाळायचा. लग्न झालं होतं, त्याच मुलीशी, दोन वर्षं उशिरानं. बोलण्यात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. खेळाचं नाव त्यानं काढलं नाही.

मी बाजेवर बसलो तो माझ्या नेहमीच्या पद्धतीनं, डावा पाय समोर ताठ. पायजम्यातून उजव्या गुडघ्यावरची पट्टी फुगीर दिसत होती. तो बोलता बोलता थांबला. त्यानं पट्टीकडे पाहिलं, ताठ पायाकडे पाहिलं. मग माझ्यासमोर उकिडवा बसला.

"खरा कोनता हाय, वस्ताद?"

बायको चहाच्या कपात पाहत होती. मी म्हणालो, "डावा."

त्यानं डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं, नुसतं त्याच्यावर केलं होतं. त्यानं दाबलं. मी ओरडलो, भर ढाब्यावर, तरुणपणी ओरडायला हवं होतं तसा. दोन ड्रायव्हर वळून पाहू लागले.

"हाव, इथंच," तो म्हणाला. मग अंगठा न काढता, "तवा काऊन नाई दाखोला?"

"भ्यालो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. माफ केलं की नाही ते काही मला सांगता येणार नाही. मी वाकून उजव्या गुडघ्याची पट्टी सोडली. बायकोनं ती घेतली, घडी केली आणि पिशवीत अहेराच्या साडीखाली ठेवली.

गाडी आली. कंडक्टर घाई करू लागला, तसा तोही आमच्याबरोबर दारापर्यंत आला. मी पायरीपाशी गेलो आणि सवयीनं उजवा हात पुढे केला. तो मला वळसा घालून पलीकडे गेला आणि त्यानं डाव्या बाजूनं आधार दिला.